दंडावरचा वण

कव्हरची फाइल रात्री नऊपर्यंत प्रेसला सोडायची होती. मे महिन्याचा अंक, स्लीव्हलेस ड्रेसमधली मॉडेल, पाठीमागे फिकट पिवळी भिंत. आमचं ऑफिस लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. तिथे मी महिलांच्या एका मासिकासाठी फोटो रीटच करायचे. मॉनिटरवर तिचा दंड पडदाभर मोठा करून बसले होते, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मावशी मागे थबकल्या.

"हिला लहानपणी लस टोचली नव्हती का गं?"

मी दचकले. दुपारीच मी तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, वण पुसला होता. कोणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नाही. हीलिंग ब्रशच्या दोन फटक्यांत तो गेला, आणि गेला हे माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. मावशींनी पदर सरकवून स्वतःचा दंड पुढे केला. त्यावर देवीच्या लशीचा रुपयाएवढा, सुरकुतलेला वण होता. "आमच्या वेळचा," म्हणाल्या, कप ठेवला आणि गेल्या.

त्या दंडाला लागूनच त्या महिन्याची मुख्य ओळ होती: '२१ दिवसांत सुडौल दंड!' ती तिथे का, हेही सांगते. दादर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मासिकं कौलांसारखी एकावर एक लावलेली असतात. वरचं नाव आणि डावीकडची चार बोटांची पट्टी, एवढंच कव्हर दिसतं. म्हणून सगळ्यात जोरकस ओळ डावीकडे घ्यायची. मॉडेलने सरळ लेन्समध्ये बघायचं, म्हणजे जाणारीला वाटतं, ही माझ्याकडेच बघतेय. त्या नजरेने पाय थांबतो. मग शेजारची ओळ हळूच कानात सांगते, की तुझ्यात काहीतरी कमी आहे आणि त्यावरचा उपाय आत, अमुक पानावर आहे. आकडा असला की उपाय खरा वाटतो. एकवीस दिवस म्हणजे कोणालाही जमेल असं.

हे सगळं मला पाठ होतं. पण ज्या दंडाशी वाचणारी आपला दंड ताडून बघणार, तो दंड मुळात कोणाचाच नाही, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा टोचलं. बीसीजीचा वण आपल्या पिढीतल्या बहुतेक मुलींच्या डाव्या दंडावर असतो. क्षयापासून वाचावं म्हणून जन्मल्यावर दिलेल्या लशीची ती खूण. तो डाग नव्हे. दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांवरच्या बायकाही देखण्या होत्या, पण ते चित्र आहे हे बघणारीला ठाऊक असायचं. फोटोवर मात्र माणूस साक्षीदारासारखा विश्वास ठेवतो. आणि मी त्या साक्षीदाराला खोटं बोलायला लावत होते.

मी पुसलेला वण परत आणला, आणि नवीच अडचण दिसली. ओळ डावीकडे बसावी म्हणून आम्ही फोटो फ्लिप केला होता, आरशात दिसतो तसा उलटा. डावा दंड उजवा झाला होता! वण ठेवायचा तर फोटो सरळ करायला हवा, म्हणजे दंड उजवीकडे जाणार आणि अख्खा लेआउट नव्याने करावा लागणार.

संपादक मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू चुकीचं बोलत नाहीयेस. पण आठ वाजलेत. आणि ओळ उजवीकडे गेली तर स्टॉलवर ती दिसणारच नाही."

वण परत पुसला. नऊला पाच मिनिटं असताना फाइल सुटली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

परळहून लोकल पकडली. लेडीज डब्यात बसायला जागा नव्हती. मी दाराजवळ उभी होते आणि समोर हँडलला धरलेल्या हातांची रांग होती. आखूड बाह्या वर सरकलेल्या. नर्सच्या पांढऱ्या ड्रेसमधली एक, कॉलेजच्या दोघी, भाजीची पिशवी मनगटाला अडकवलेली एक. हँडल धरलेल्या प्रत्येक डाव्या दंडावर तोच वण होता, कुठे खोलगट, कुठे चपटा. इतकी वर्षं या गाडीने येतेय, तो मी कधी पाहिला नव्हता. घरी गेल्यावर आरशासमोर बाही वर केली. आणि खरं सांगते, आधी माझं लक्ष वणाकडे गेलं नाही. दंड जाड झालाय का, हेच मी बघितलं. कव्हर मी स्वतः केलं होतं, तरीही.

पुढच्या महिन्यात कव्हरवर साडी होती. पदर डाव्या खांद्यावर, त्यामुळे फोटो फ्लिप करायचा प्रश्नच नव्हता. मानेवरची घामाची चमक कमी केली, सुटलेले दोन केस काढले, आणि दंडाला हात लावला नाही. प्रूफ मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी पेन्सिलीने वणाभोवती गोल काढला, जसा त्या प्रत्येक दुरुस्तीभोवती काढतात. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि तो गोल पुसून टाकला.