पत्ता आधी की खातं आधी?

"पत्त्याचा पुरावा आणा." नव्या देशात बँकेच्या काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा वीजबिल. आणि घरमालक म्हणतो, आधी इथलं खातं दाखवा, मग करार करू. घ्या!

वाट निघते ती बहुधा तिसऱ्याच कागदातून: कंपनीचं किंवा विद्यापीठाचं पत्र. त्यावर राहता पत्ता, रुजू झाल्याची तारीख आणि सही-शिक्का हवा. मोबाइलचं बिल अनेक बँका धरत नाहीत. वीजबिलही तीन महिन्यांहून जुनं असलं तर बऱ्याचदा परत येतं.

खरी मेख नावात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, सगळं नाव एकाच ओळीत. पत्रात मात्र मधलं नाव गळालेलं. कारकुनाला समोर एकच माणूस दिसतो, संगणकाला दोन. अर्ज तिथेच अडकतो आणि कारण कोणी कळवत नाही. पत्र हातात पडताच पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फॉर्मवर आधीच्या देशातला कर क्रमांकही विचारतात, तो जवळ ठेवा.

युरोपीय संघात तर २०१४च्या निर्देशानुसार कायदेशीर रहिवाशाला मूलभूत खात्याचा, म्हणजे पैसे भरणं, काढणं, पाठवणं अशा साध्या व्यवहारांच्या खात्याचा, हक्क आहे, कायमचा पत्ता नसला तरी. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १० कामकाजी दिवसांत बँकेने निर्णय द्यायचा, आणि नकार दिला तर सहसा लेखी, कारणासकट.

पण हे खातं बहुधा 'मूलभूत खातं' असं नाव घेऊनच मागावं लागतं. काउंटरवरून आपणहून कोणी का सुचवत नसेल?