एकात दोघी

रविवारी आईला घेऊन टोकियोतल्या शिमोकिताझावाला गेले होते. चार दिवस झाले, तरी तिथला रामेनचा, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचा, वाडगा डोक्यातून जात नाही.

आई सांगलीहून पहिल्यांदाच आली आहे. गळ्यात माळ. त्यामुळे मांस-मासे वर्ज्य, आणि इथे खरी अडचण मांसापेक्षा माशाची होते. साध्या भाजीतही दाशी असते, आणि दाशी म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचं पाणी. ‘मांस नको’ म्हटलं की दुकानदार मनापासून हो म्हणतो आणि मिसो सूप त्याच पाण्यात करतो. त्याच्या लेखी त्यात मांस नसतंच. म्हणून मी आठवडाभर शोधून, ज्याचं सूप फक्त कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमच्या पाण्यात करतात असं एक व्हिगन रामेन हेरून ठेवलं होतं. निशी-कासाईहून ओतेमाचीला गाडी बदलून थेट शिमोकिताझावा.

हा भाग तरुणांचा. जुन्या कपड्यांची दुकानं, छोटी नाट्यगृहं. ओदाक्यू लाइनचे रूळ 2013 मध्ये जमिनीखाली गेले आणि वर मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर आता कॅफे आणि पुस्तकांची दुकानं आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद की आईला गणपती पेठ आठवली. ती खुशीत होती.

दुकानात नऊ खुर्च्या, सगळ्या काउंटरला लागून. दारातच तिकिटाचं मशीन. मी 1,200 येनचं एक तानतान (तिळाचं तिखट) रामेन घेतलं. एकच. आई रात्री एका चपातीची धनीण, आणि हा वाडगा मोठा असतो. काउंटरमागच्या मुलाने तिकीट घेतलं, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि खाली वाकून एक पाटी पुढे केली. माणशी एक वाडगा.

मी सांगून पाहिलं. आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिला एवढं जाणार नाही, आम्ही एकातच खातो. तो पुन्हा वाकला, माफी मागितली. म्हणाला, नूडल्स कमी घालून देतो, पण पैसे तेवढेच. आवाज अगदी मऊ होता. मला मात्र कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं.

घरी बसून वाचणाऱ्याला हे एवढंसं वाटेल. पुण्यातही अनलिमिटेड थाळीला ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ अशी पाटी असते, मान्य. पण तिथे वाढपी वाढतच राहतो, त्यामुळे त्या पाटीमागचं कारण समजतं. इथे वाडगा मोजून दिलेला आहे. त्यातलं अर्धं मी आईला दिलं तर दुकानाचं नेमकं काय जातं? आणि माझ्या आईला समोर रिकामी जागा ठेवून बसू द्यायचं नाही, हा कुठला नियम?

राग यायला दुसरंही कारण होतं. मी लहान असताना आई शनिवारी बाजाराला न्यायची आणि परतताना भेळ घ्यायची. एक कागद, एकात दोघी. बाबांच्या पगारात दोन बसत नव्हत्या, हे मला खूप नंतर कळलं. पुढे दोन काय, चार परवडायला लागल्या, तरी आई एकच घेते आणि मधोमध ठेवते. तिच्यासोबत खाणं म्हणजे माझ्यासाठी हेच आहे. ते त्या मुलाला कसं सांगणार? माझं जपानी ऑफिसात चालतं, पण तिथे पोचत नाही.

दुसरं तिकीट काढलं. आईने विचारलं, “काय म्हणत होता गं?” सांगायला लागले आणि माझं मलाच नवल वाटलं, मी त्यांचीच बाजू मांडत होते. अगं, खुर्च्या नऊच. माणसं वीस मिनिटांत खाऊन उठतात, त्यावर यांचं भाडं निघतं. गॅस महागलेला, आणि गिऱ्हाईक हजार येनच्या वर रामेनला पैसे मोजायला नाखूश. ‘हजार येनची भिंत’ असा शब्दच आहे इथे. हे पहिल्यापासून कष्टकऱ्याचं, पटकन खाऊन उठायचं जेवण. इथल्याच आसाकुसाला 1910 मध्ये राइराइकेन हे रामेनचं दुकान निघालं, योकोहामाहून चिनी स्वयंपाकी आणून, तेव्हापासून. गप्पा मारत बसायची ही जागाच नाही.

आई म्हणाली, “म्हणजे त्याचं बरोबर आहे म्हणतेस?”

मला उत्तर देता आलं नाही. आठ वर्षं इथे राहून मी नियम पाळायला शिकले आहे, इतकी की दुसऱ्याने मोडला तर मला त्रास होतो. याला कुणी परकं झाली म्हणेल. मी नाही म्हणणार. रांगेत कुणी घुसत नाही, रात्री अकराला एकटी घरी येते, आणि त्यामागे हेच नियम आहेत. पण त्यातला एक माझ्या आईवर आला आणि ते सगळं क्षणभर नकोसं झालं, हेही खरं.

आईचा प्रश्न वेगळाच होता. “कमी घालतो म्हणाला ना? मग अर्धंच घाल म्हणावं. पानात टाकायला नको.” पैसे तेवढेच, हे सांगितल्यावर म्हणाली, “असू दे. अन्न तर वाया जाणार नाही.”

वाडगे आले. दाट तिळाचं सूप, सोया दूध, वरून तिखट तेल. आईने पहिला घास घेतला, नूडल काट्यावर उचलून पाहिली, हुंगली. “यात पापडखार आहे.” मी म्हटलं, छे, काहीतरीच. ती म्हणाली, विचार. विचारलं. त्या मुलाने ‘कान्सुई’ सांगितलं. पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेट. त्यानेच नूडल पिवळसर आणि चिवट होते. म्हणजे आपला खारच की! चाळीस वर्षं पापडाच्या लाट्या करणाऱ्या बाईने एका घासात ओळखलं. त्याला हे समजावून सांगितल्यावर त्याचे डोळे मोठे झाले आणि आत जाऊन त्याने मोठ्या स्वयंपाक्याला सांगितलं. तो बाहेर येऊन आईपुढे वाकला. मला आईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

शेजारचे लोक उठताना वाडगा वरच्या फळीवर ठेवून समोरच्या फडक्याने आपली जागा पुसत होते. आईने ते पाहून तसंच केलं, माझीही जागा पुसली.

रात्री तिने मावशीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकत होते, आता ती पाटीचं सांगेल, म्हणून. तिने नावही काढलं नाही. दहा मिनिटं पापडखारावर बोलली आणि मग म्हणाली, “आणि ताई, इथे जेवून झालं की माणसं आपलं उष्टं आपण पुसतात बरं का.”