सहा नंबरचा माणूस

ठाण्याहून अंधेरीला मुंबई सिटी या फुटबॉल क्लबची मॅच बघायला जायचं तर आधी लोकलने घाटकोपर, मग मेट्रोने आझाद नगर, आणि तिथून थोडं चालून शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. नेरूळ-सीवूड्सच्या माणसाला त्याआधी हार्बरने येऊन कुर्ल्याला गाडी बदलायचा जादा व्याप. साडेसातची मॅच साडेनऊच्या सुमारास संपते. गेटवरची रेटारेटी, मेट्रोची रांग, मग घाटकोपरची धीमी लोकल, असं करत दाराची कडी वाजते तेव्हा घरातले झोपलेले असतात. एवढी दगदग करून गेलेल्या माणसाने नुसता चेंडू बघून परत येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चेंडू टीव्हीवरही दिसतो, आणि तो रिप्लेसकट दिसतो. मैदानावर जाऊन बघायचा तो पायात चेंडू नसलेला माणूस. त्यातही एकच बघायचा झाला तर दोन सेंटर-बॅकच्या, म्हणजे गोलसमोर मधोमध असलेल्या दोन बचावपटूंच्या, पुढे आणि बाकी मिडफिल्डच्या मागे उभा असलेला. पाठीवर आकडा कुठलाही असो, फुटबॉलवाले त्याला सहा नंबर म्हणतात.

मुंबई सिटीचे चांगले-वाईट हंगाम या एका जागेवर उभं राहून समजून घेता येतात. गोल कोणी मारले हा नंतरचा प्रश्न.

सुरुवात नेरूळची. २०१४ आणि २०१५ असे दोन हंगाम ही टीम डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची एक सरळ गाडी, की झालं. नवी मुंबईकरांना तर टीम घरासमोर आल्यासारखी वाटत होती. पोस्टरवर फ्रेडी युंगबर्ग आणि निकोला अनेल्का, बाकावर प्रशिक्षक पीटर रीड. १८ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याला ५-० हरवलं. आंद्रे मोरित्झने त्या दिवशी मारलेली हॅटट्रिक ही आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) इतिहासातली पहिली. पुढे काय? त्या हंगामातल्या १४ सामन्यांत टीमचे एकूण गोल १२, आणि त्यातले ५ त्या एकाच संध्याकाळचे. आठ संघांत सातवा नंबर. युंगबर्ग दुखापतींमुळे फारसा दिसलाच नाही. नाव मोठं आणि लक्षण खोटं म्हणायचं, दुसरं काय. तेव्हा एका टीमचे सहा परदेशी खेळाडू एकावेळी मैदानात उतरवता येत, आणि त्या सहा जागा आमच्यासकट बऱ्याच टीमनी म्हाताऱ्या नावांवर उडवल्या.

२०१५ मध्ये अनेल्काच खेळाडू आणि तोच प्रशिक्षक. सुनील छेत्री आला, नॉर्थईस्टविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली आणि आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला भारतीय ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्याने फातोर्ड्याला आम्हाला ७-० धुतलं. एक टीम तीनेक आठवड्यांत दोन टोकं गाठते तेव्हा तिच्या पुढच्या फळीला दोष देऊन उपयोग नसतो. चेंडू गमावल्यावर मधे कोणी उभाच नसेल तर समोरच्याला थेट सेंटर-बॅकवर धावून जाता येतं, आणि धावत्या माणसाकडे तोंड करून मागे सरकणारा सेंटर-बॅक जगात कुठेही केविलवाणाच दिसतो.

२०१६ ला टीम अंधेरीला गेली. नवी मुंबईचे बरेच जण तिथेच गळाले, आणि त्यांना दोष देता येत नाही. गंमत म्हणजे टीम तेव्हाच सुधारली. प्रशिक्षक आलेक्झांद्रे गिमाराइशने आधी मागची बाजू बांधली, पुढे दिएगो फोर्लान ठेवला, आणि साखळीत पहिला नंबर आला. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध पहिल्या लेगमध्ये २-३ हार, फोर्लानला लाल कार्ड, आणि घरच्या परतीच्या सामन्यात तो नसताना ०-०. एकाच नावावर गोलांची भिस्त ठेवली की हे असं होतं.

पुढची दोन-तीन वर्षं भरभर ओलांडली तरी चालतील. फक्त जॉर्ज कॉस्टाच्या २०१८-१९ च्या टीमचा मान राखायला हवा. केरळला ६-१ हरवताना मोदू सुगूने चार गोल मारले होते. पण उपांत्य फेरीत गोवा आपल्याच मैदानावर येऊन ५-१ करून गेला. त्या गोव्याचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, आणि मिडफिल्डमध्ये अहमद जाहू. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला, आणि पुढच्या हंगामात लोबेरा, जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू, मंदार राव देसाई अशी गोव्याची निम्मी टीम मुंबईत आली. ज्याने मारलं त्यालाच घरी आणलं. याला पैशाचा माज म्हणणारे म्हणोत, मला हा क्लबने केलेला सगळ्यात शहाणा व्यवहार वाटतो.

जाहू काय करायचा ते जरा सावकाश बघू. गोलकीपरकडे चेंडू आला की तो दोन सेंटर-बॅकच्या मधे उतरायचा. दोनाचे तीन झाले, म्हणजे समोरचे एक किंवा दोन स्ट्रायकर कितीही पळाले तरी एक माणूस मोकळा राहणारच. तिसरा मागे असल्यामुळे दोन्ही फुलबॅक, म्हणजे मागच्या फळीतले कडेचे दोघे, बिनधास्त वर सरकायचे, आणि पुढच्या कडांवरचे विंगर आत यायचे. चेंडू पायात यायच्या आधी जाहू एकदा डाव्या, एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघून घ्यायचा. त्यामुळे पहिला टच घेतानाच अंग कुठे वळवायचं ते ठरलेलं असायचं. मग तो लांब तिरका पास, चाळीसेक मीटरचा, उजवीकडून थेट डाव्या विंगच्या पायात. समोरची टीम एका बाजूला गोळा झालेली, आणि चेंडू दुसऱ्या बाजूला पोचलेला.

यात बिघडतं कुठे? समोरच्या शहाण्या प्रशिक्षकाने एक माणूस फक्त जाहूच्या अंगाला चिकटवला की पास तुंबतात. तेव्हा सेंटर-बॅकने चेंडू घेऊन स्वतः दहा-पंधरा पावलं पुढे यायला हवं, म्हणजे कोणीतरी त्याला अडवायला येतो आणि जाहू सुटतो. सेंटर-बॅक कचरला तर लांब फटका मारतो, आणि चेंडू समोरच्याचा. दुसरा धोका कार्डाचा. फुलबॅक वर गेलेले असताना चेंडू गेला, तर सहा नंबरला कधीकधी पाय घालून खेळ थांबवावाच लागतो. २०२०-२१ च्या पहिल्याच सामन्यात जाहूला हाफटाइमच्या आत लाल कार्ड मिळालं आणि नॉर्थईस्टने ०-१ हरवलं. त्या संध्याकाळी लोबेराच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनीच मार्चमध्ये पेढे वाटले.

कारण त्याच हंगामात लीग शिल्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याची) आणि चषक (बाद फेरी जिंकणाऱ्याचा) दोन्ही आले. शिल्ड मोहन बागानला २-० हरवून, ४० गुणांवर बरोबरी असताना आपसातल्या सामन्यांच्या जोरावर. चषक १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला, पुन्हा त्यांनाच २-१ हरवून. आपला पहिला गोल त्यांच्याच डिफेंडर तिरीच्या डोक्याला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला, आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने दुसरा मारला. (हाच तिरी २०२३ मध्ये मुंबईत खेळायला आला. फुटबॉलमध्ये वैर फार दिवस टिकत नाही.) सगळा हंगाम कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर. क्लबचं सगळ्यात मोठं यश मुंबई-ठाण्यातल्या एकाही माणसाने स्टँडमधून पाहिलेलं नाही.

तरी सगळ्यात चांगली टीम कोणती, असं विचारलं तर मी २०२२-२३ ची म्हणेन, आणि यावर वाद घालायला तयार आहे. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या हाताखाली २० सामन्यांत ४६ गुण, ५४ गोल, सलग १८ सामने अजिंक्य. दुहेरी मुकुटवाल्या टीमचे साखळीतले गोल ३५ होते. फरक पडला तो जाहूच्या शेजारी उभ्या असलेल्या अपुयामुळे. जाहू पास देणार, अपुया पळणार, चेंडू हिसकावणार, आणि पुढे ग्रेग स्टुअर्टला डोकं वापरायला मोकळीक. छांगटे उजव्या विंगवर डाव्या पायाचा. लाइनला पाठ लावून उभा राहायचा, म्हणजे चेंडू मिळताच अख्खं मैदान समोर, आणि पहिलाच टच आत. मागचा फुलबॅक बाहेरून धावला की समोरच्या डिफेंडरला दोघांतला एक सोडावाच लागायचा. चषक मात्र मिळाला नाही, उपांत्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टीवर ९-८ घालवलं. पेनल्टीवरून टीमची लायकी ठरवणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही याच प्रशिक्षकाच्या काळातला. आणि ६ नोव्हेंबर २०२३ ला त्याच स्पर्धेसाठी टीम पुन्हा नेरूळला आली, सौदीच्या अल-हिलालसमोर. नेमार येणार म्हणून तिकिटांवर उड्या पडल्या होत्या, तो गुडघा दुखावून घरी. निकाल ०-२. पण रियाधला दोनच आठवड्यांपूर्वी ०-६ झालं होतं, हे लक्षात घेतलं तर तो पराभव वाईट नव्हता.

नेरूळबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ते क्रिकेटचं मैदान, त्यामुळे खालच्या रांगांतून फुटबॉल बघणं म्हणजे पलीकडच्या इमारतीतल्या टीव्हीवर मॅच बघण्यासारखं. तिथे वरचा मजला घ्यावा, सगळी रचना नकाशासारखी दिसते. अंधेरीला उलट, खेळाडू इतके जवळ की त्यांची ओरड ऐकू येते, पण खालून दोन फळ्यांमधलं अंतर कळत नाही. मधल्या रेषेच्या आसपास आणि जमेल तितकं वर बसावं. पहिली पंधरा मिनिटं हट्टाने फक्त सहा नंबरकडे बघावं, आणि सत्तराव्या मिनिटानंतर पुन्हा. मुंबईच्या दमट हवेत पाय जड होतात ते तेव्हाच, आणि आधी जिथे दहा मीटर अंतर होतं तिथे वीस दिसायला लागतं. शेवटच्या वीस मिनिटांतले बरेच गोल त्याच भोकातून येतात.

२०२३ मध्ये जाहू आणि फॉल ओडिशाला लोबेराकडे गेले. नवा प्रशिक्षक पेत्र क्रात्कीने अपुया आणि यूएल फान निफच्या जोरावर गाडी रुळावर ठेवली. शिल्ड शेवटच्या दिवशी मोहन बागानकडे गेली, ४७ विरुद्ध ४८ गुणांनी, आणि तीन आठवड्यांनी ४ मे २०२४ ला त्यांच्याच सॉल्ट लेकवर ३-१ करून चषक आणला. मग अपुया मोहन बागानला. भेके, नोगेरा, परेरा दियाझ बेंगळुरूला. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांतले ९ बरोबरीत, सहावा नंबर, आणि बाद फेरीत त्याच बेंगळुरूकडून ०-५. नऊ बरोबऱ्या म्हणजे गोल होत नाहीत असं वाटतं. माझ्या मते चेंडू पुढे न्यायलाच उशीर होत होता. छांगटेला पास मिळायचा तोवर समोर दोघं उभे.

त्यानंतर बिपिन ईस्ट बंगालला, मेहताब मोहन बागानला. आयएसएलचं घोंगडं भिजत पडलं, २०२५ च्या डिसेंबरात सिटी ग्रुपही बाहेर पडला. मुंबईला हे नवं नाही. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकून २०१० ला बंद पडली. खालिद जमीलने वर्षानुवर्षं सांभाळलेली मुंबई एफसी २०१७ ला गुंडाळली. आमच्याकडे कपाटात बंद क्लबांच्या जर्सी नेप्थलीनच्या गोळ्या टाकून ठेवलेले लोक आहेत.

पैसा आटणार हे गृहीत धरलं तर आधी काय घ्यावं? २०२१-२२ पासून एकावेळी चारच परदेशी मैदानात उतरतात. क्लब त्या जागा सवयीने स्ट्रायकर, सेंटर-बॅक आणि स्ट्रायकरच्या मागे खेळ रचणाऱ्या दहा नंबरवर घालवतात, आणि सहा नंबरला मिळेल तो उभा करतात. खरं तर स्ट्रायकर थोडा कमी ताकदीचा चालेल, छांगटेसारखा विंगर असताना तर नक्कीच. एक परदेशी सहा नंबर, आणि त्याच्या शेजारी एकोणीस-वीस वर्षांचा भारतीय पोरगा, जो दोन हंगामांत ती जागा शिकेल. अपुया मुंबईत आला तेव्हा एवढ्याच वयाचा होता.