डावा हात काही ऐकत नाही (25 मीटर पिस्तूल नेमबाजी, पुढचा अपडेट)

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की रॅपिडमध्ये (लाल दिवा सात सेकंद, मग हिरवा तीन सेकंद, तेवढ्यात हात वर आणून एक शॉट) लाल दिव्यालाच हात वर येणं बंद झालंय, आता फक्त स्कोअर लिहीत जाईन. तर ते सगळं गेलं उडत. रविवारी क्लबच्या सराव मॅचमध्ये आरओ (रेंज ऑफिसर) सरांनी मला लाइनवरून उठवून मागच्या खुर्चीत बसवलं आणि उरलेल्या सिरीज मी तिथून बघितल्या.

आधी चांगलं सांगते, नाहीतर राहूनच जाईल. प्रिसिजन, म्हणजे सावकाश मारायचा पहिला टप्पा, 300 पैकी 271. सहाही सिरीजमध्ये पाच मिनिटं पुरली, एकदाही घड्याळाकडं बघून शेवटचा शॉट ढकलला नाही. एअर पिस्तूलच्या 500 ग्रॅमच्या ट्रिगरवरून 1000 ग्रॅमवर आल्यावर तीन महिने माझे शॉट खाली डावीकडं पडत होते ते आठवत असेल, ते बऱ्यापैकी संपलंय. ग्रिपला लाकडाची पुट्टी लावून तळहाताची बाजू थोडी भरली त्याचा फायदा झाला असं मला वाटतं, सरांना वाटत नाही.

आता रॅपिड. चौथी सिरीज. "लोड" झालं, पाच गोळ्या, मॅगझिन आत, स्लाइड (पिस्तुलाचा मागं-पुढं सरकणारा भाग) पुढं. "अटेन्शन", लाल दिवा, हात खाली 45 अंशांत, सात सेकंद, हिरवा, वर, शॉट, खाली. 10. परत तेच, 9. तिसरा शॉट सुटला आणि स्लाइड बंदच होईना, बघते तर उडालेल्या गोळीची रिकामी केस (पुंगळी) धुराड्यासारखी उभी अडकलेली. आता इथं काय करायचं हे झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन: नळी टार्गेटकडं, डावा हात वर, आणि आरओ येईपर्यंत गप्प उभं राहायचं. मी काय केलं? डावा हात ट्रॅकपँटच्या खिशातून निघाला आणि सरळ स्लाइडवर गेला. खटकन ओढली. केस उडाली, घाईत परत ओढली तर एक जिवंत गोळीही बाहेर आली, फरशीवर टिकटिक करत सात नंबरच्या लेनकडं घरंगळत गेली आणि मी ती उचलायला वाकले. उजव्या हातात पिस्तूल, मॅगझिन आत, नळी कुठं चाललीये याचा पत्ता नाही.

"स्टॉप!"

सर कधी ओरडत नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत, पण इअरमफमधून तो शब्द असा आला की मी होते तशी थिजले. माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नळी टार्गेटकडं. मॅगझिन काढा. स्लाइड उघडी. फ्लॅग. आता बेंचवर ठेवा, मॅडम." (फ्लॅग म्हणजे पिस्तूल रिकामं आहे हे लांबून दिसावं म्हणून नळीत घालायची रंगीत खूण.) एरवी सर मला नावानं हाक मारतात, अगं-तुगं करतात. ते "मॅडम" अजून कानात आहे. सात नंबरच्या ताईंनी काही बोलून दाखवलं नाही, नुसती पाण्याची बाटली पुढं केली, त्यानं जास्त वाईट वाटलं.

खऱ्या मॅचमध्ये ती नळी वळली तिथंच माझा खेळ संपला असता. आणि ते सोडा, नुसती स्लाइड ओढली एवढ्यानंही सिरीज गेलीच होती, कारण आरओनं बघायच्या आधी तुम्ही मेकॅनिझमला हात लावलात की तो अलाउएबल मालफंक्शन (खेळाडूची चूक नसलेला, मान्य होणारा बिघाड) राहत नाही. हात वर करून उभी राहिले असते तर उरलेल्या गोळ्या मारायला मिळाल्या असत्या. म्हणजे वेळ वाचवायला हात गेला आणि सगळंच घालवून आला.

दोन दिवस मी गोळ्यांना शिव्या दिल्या. तो लॉट खरंच वाईट आहे, बुलेटवर मेणाचा थर इतका की एप्रिलच्या उन्हात मॅगझिनच्या तोंडाशी चिकट लोणी जमतं, दोन डब्यांत एकदा तरी स्टॉपेज ठरलेलं. मित्रमंडळींना माझं एकच सांगणं, स्वस्त मिळतंय म्हणून एकदम पाच हजाराचा लॉट उचलू नका, एक डबा आपल्या पिस्तुलातून मारून बघा आणि मगच पैसे मोजा. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाचेत केवढी काजळी होती तेही निघालं, टूथपिकला कापूस गुंडाळून काढली, अर्धा तास गेला. हे सगळं सरांना सांगायला गेले तर म्हणाले, "गोळीचं ठेव बाजूला. हात कुणाचा होता?"

मग बसून विचार केला तेव्हा कळलं की तो हात मीच शिकवलाय. मधल्या वारी दुपारी रेंजवर मी एकटीच असते, कमांड द्यायला कुणी नाही, जॅम झालं की ओढ स्लाइड आणि चल पुढं, सहा महिने हेच. घरीही तसंच, मोबाइलवर जो टायमर लावते त्यात "अटेन्शन" आहे, सात सेकंद आहेत, तीन सेकंद आहेत, पण "स्टॉप" नाही आणि "अनलोड" तर नाहीच, पाचवा शॉट झाला की मी पिस्तूल ठेवून चहा ठेवायला जाते. म्हणजे सराव फक्त मधल्या भागाचा झाला आणि दोन्ही टोकं कच्ची राहिली.

तर या आठवड्यात काय केलं ते. सरांनी डमीचा उपाय दिला. मैत्रीण माझं मॅगझिन भरते, चार जिवंत आणि एक डमी (न उडणारी खोटी गोळी), कुठल्या नंबरला ते मला माहीत नाही. डमीवर नुसता क्लिक आला की हात वर, नळी टार्गेटवर, मनात 30 मोजायचे (गोळी उशिरा पेटली तर म्हणून), मग सर येणार. पहिल्या दिवशी दहापैकी आठ वेळा माझा डावा हात स्लाइडकडं निघाला होता. आठ! हात अर्ध्यात पोचल्यावर मला कळायचं. डमींबद्दल: ॲल्युमिनियमच्या घेतल्या, तीसेक वेळा फिरवल्यावर कडा चावल्यासारख्या झाल्या, पण प्लॅस्टिकच्या त्याआधीच तुटल्या होत्या. सगळ्यांना जुनं मरून नेलपेंट लावलंय, फरशीवर पडल्या तरी लांबून ओळखू येतात. आणि कृपा करून जिवंत गोळी उघडून घरी डमी बनवायच्या भानगडीत पडू नका, तसं करणारा एक महाभाग मी बघितलाय.

हात मात्र सुटला तो नाण्यानं. खिशातल्या डाव्या मुठीत पाच रुपयांचं नाणं घट्ट धरायचं. जॅम किंवा क्लिक आला की मूठ तशीच बंद ठेवून वर करायची. बंद मुठीनं स्लाइड धरताच येत नाही, धरायला गेलात तर नाणं खाली पडून सगळ्या रेंजला ऐकू जातं. शुक्रवारी दहापैकी नऊ वेळा नाणं हातातच राहिलं. त्या नऊचा मला 271 पेक्षा जास्त आनंद झालाय, खोटं नाही सांगत.

घरी एअर पिस्तूल आहे, हवेचा सिलिंडर काढून ठेवलेला, नळीतून नारिंगी नायलॉनची दोरी आरपार. ही दोरी म्हणजे बोहरी आळीत ग्रास कटरची म्हणून जी मिळते ती, 2.4 मिलिमीटरची घ्या, 4.5 च्या नळीत आरामात जाते, सेफ्टी फ्लॅग म्हणून वेगळे पैसे घालवायची गरज नाही. ड्राय (गोळीशिवायचा सराव) करताना दोरी बाहेर, बाकी सगळा वेळ आत. टायमर बंद केला आणि लेकीला माझ्या मागं सोफ्यावर बसवलं, तिला हवं तेव्हा "स्टॉप" म्हणायचं. आठ वर्षांची पोर, ती मी श्वास रोखून ट्रिगर अर्ध्यात आणल्यावरच म्हणते, कसं कळतं देव जाणे. तेव्हा बोट बाहेर, हात खाली, पिस्तूल उघडायचं, दोरी, टेबलावर, मागं पाऊल. यात काही चुकलं की पाच रुपये तिचे. आत्तापर्यंत 85 झालेत.

बरं, हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. नाण्यानं स्लाइडचं भागलं, पण वाकण्याचं काय? मी वाकले तो वेगळाच दोष आहे, ती तर घरातली सवय, खाली काही पडलं की उचलायचं, ओट्याशी उभं राहून वीस वर्षांत हाडात मुरलेली. त्याला ड्रिल हवं. उद्यापासून मैत्रीण मध्येच माझ्या पायाशी एक नेलपेंटवाली डमी टाकणार आणि मी तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही, अनलोड होऊन फ्लॅग लागेपर्यंत. राही सरनोबतची 2018 च्या एशियन गेम्सची, पालेमबांगची 25 मीटर पिस्तूलची फायनल काल परत लावली होती, 34-34 टाय, दोन शूट-ऑफ आणि मग सुवर्ण. या वेळी शॉट बघितलेच नाहीत, नुसतं सिरीज संपल्यावर खेळाडू पिस्तूल कसं खाली आणतात तेवढंच बघत बसले, नवरा म्हणाला हे काय बघतेस, यात काहीच होत नाहीये.

महिनाअखेरच्या मॅचमधून 25 मीटरचं नाव मागं घेणार असं वर लिहायचं होतं, मसुद्यात लिहिलंही होतं. आता खोडलंय. म्हणजे खेळणार नाहीच, पण सरांना फोन केला की मी लाइनवर तुमच्याबरोबर उभी राहते, मला कमांड देऊ द्या. सर म्हणाले, कमांड मीच देणार, तू हात वर करणाऱ्यांकडं बघ आणि मला लेन नंबर सांग, साडेसातला ये, इअरमफ स्वतःचे आण. सहा नंबरची माझी लेन सातवाल्या ताईंच्या भाचीला दिलीये, तिची पहिलीच मॅच आहे. तिला नाण्याचं सांगितलं तर म्हणाली, मावशी, माझ्या पँटला खिसाच नाही.