रहीमसाहेबांचे नियम टर्फवर

भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम म्हटलं की लोक जकार्ता सांगतात. सांगावंच. तिथल्या १९६२च्या आशियाई स्पर्धेत सलामीलाच दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलेल्या भारतानं ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ नमवलं. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, म्हणजे मुळातल्या बचावपटूला, साहेबांनी सेंटर फॉरवर्डला खेळवलं आणि दुसरा गोल त्यानंच केला. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ला, कर्करोगानं साहेब गेले.

पण नेरुळ-खारघरच्या किंवा घोडबंदर रोडच्या टर्फवर पोरांना शिकवणाऱ्यांनी जकार्तापेक्षा हैदराबाद नीट पाहावं. पेशानं शिक्षक असलेल्या या माणसानं तिथे मुलांसाठी विचित्र वाटणाऱ्या स्पर्धा भरवल्या: एकीत ड्रिबलिंगला, म्हणजे चेंडू पायानं घोळवत नेण्याला, बंदी, दुसरीत फक्त कच्च्या पायानं खेळायचं. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत येऊन रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. मेलबर्नला १९५६मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक मारली आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला, तेव्हाही प्रशिक्षक हेच.

ड्रिबलिंगबंदी पाच-पाचच्या टर्फला चपखल बसते. आठ मिनिटांचा डाव, प्रत्येकाला दोनच टच, म्हणजे चेंडूला दोनदाच पाय लावायचा. तिसरा टच झाला की चेंडू समोरच्यांना. दहा वर्षांखालच्यांना तीन टच द्या, नाहीतर खेळ सारखा थांबतो. पहिल्या डावात हमखास बिघडतं ते असं: चेंडू ज्याच्याकडे तो अडकतो, कारण बाकीचे चार जागच्या जागी हात वर करून ओरडत उभे. मग प्लास्टिकचे शंकू (कोन) ठेवून टर्फचे तीन पट्टे करा आणि एका पट्ट्यात एका संघाचे दोघांहून जास्त नकोत. जाळीवर आपटून परत आलेला चेंडूही बाद धरा. पोरं भिंतीशी पास खेळायला फार लवकर शिकतात.

कच्च्या पायाचा डाव जास्त अवघड, आणि माझ्या मते जास्त मोलाचा. त्या पायात वेगळ्या रंगाचा मोजा घालायला लावा, म्हणजे पंचाला लांबूनही दिसतं. चुकीचा पाय लागला की फ्री किक. गोलकीपरला सूट, पण लांब किक नाही, हातानंच चेंडू द्यायचा.

इथे बहुतेक प्रशिक्षक मारणाऱ्या पायाकडे बघत बसतात. खोट टेकलेल्या पायात असते. उजव्या पायाच्या मुलाला डाव्यावर तोल सांभाळून उजव्यानं मारायची सवय. आता उजवा पाय टेकायचा असतो आणि तो चेंडूच्या मागे राहतो. परिणामी चेंडू वर उडतो. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर, अंगठा लक्ष्याकडे. आधी उभा चेंडू वीस वेळा, मग सरकता, मगच सामना. सामन्याआधीची ही पंधरा मिनिटं गाळली तर पोरं अंगठ्यानं ढोसतात आणि तीच सवय लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या टर्फवर पाणी साचलेलं असताना मात्र हा डाव टाळा. नवख्या टेकपायावर वळताना घोटा मुरगळतो. तेव्हा दोन टचवालाच खेळवा.