'पानशेत ९२ टक्के'

"बोलून हिचा ऑटिझम बरा होईल का हो मॅडम?" आईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारलं. मी नाही म्हटलं. स्वमग्नता ही मेंदूची जन्मजात घडण आहे, ती पुसायला मी बसलेले नाही. पण सरकारी कार्यालयात नोकरीला लागल्यापासून त्यांच्या मुलीला पोखरणाऱ्या चिंतेवर काम करता येणार होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत वापरतात. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विचारांवर काम करण्याची पद्धत मांडली, त्यातूनच ती पुढे घडली. स्वमग्न माणसासोबत ती बरीच बदलावी लागते: नेमके प्रश्न, बोलण्यापेक्षा लिहिणं, मधे विश्रांती. डोळ्यांत बघून बोलण्याची सक्ती मी कधीच करत नाही.

'कसं वाटतंय?' याला तिचं एकच उत्तर, "माहीत नाही." यात आडमुठेपणा अजिबात नाही. अनेक स्वमग्न व्यक्तींना स्वतःच्या भावना ओळखणंच जड जातं. ॲलेक्सिथायमिया म्हणतात त्याला. पोटात काहीतरी होतंय हे कळतं, पण ती भीती की भूक, हे कळत नाही.

त्या दिवशी पुण्यात धो धो पाऊस होता आणि तिला धरणांचं विलक्षण वेड. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, हे तोंडपाठ. मी कोरा कागद पुढे केला. "आज ऑफिसात पाणी कुठवर होतं?"

"सकाळी पानशेत ९२ टक्के. जेवणाच्या सुट्टीत १००. मग विसर्ग." म्हणजे बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडणं.

पाणी येतं कुठून, तेही तिने लिहिलं. एक, साहेब न बोलता पुढे गेले, म्हणजे चिडले. दोन, डोक्यावरची ट्यूबलाइट गुणगुणते.

पहिल्याची शहानिशा करायची ठरली: साहेब इतरांशी तरी बोलतात का, आठवडाभर बघायचं. दुसऱ्याची गरजच नव्हती. तो आवाज तिला खरोखर सहन होत नाही. अशा त्रासाला 'चुकीचा विचार' ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सरकारी कार्यालयांनी वाजवी सोयी द्यायच्या आहेत. जागा बदलून मिळावी, सूचना लेखी मिळाव्यात, असा अर्ज तिने तिथेच बसून लिहिला.

मग स्वतःहून विचारलं, "८० झालं की थोडं थोडं सोडायचं ना मॅडम? १००ची वाट नाही बघायची?"

थोडं थोडं म्हणजे काय, तेही ठरवलं. ८० झालं की जागेवरून उठून १० मिनिटं गच्चीवर. आईंनी ते वहीत उतरवून घेतलं.