सव्वा गुंठ्याची मशागत

इंग्लंडमधलं अलॉटमेंट गावाकडं समजावून सांगायचं म्हणजे दिव्यच. जमीन काउन्सिलची म्हणजे इथल्या नगरपालिकेची, वर्षाचं भाडं किरकोळ, त्यात भाजीपाला लावायचा तो घरी खायला, बाजारात न्यायला नाही, एवढं ऐकलं की अण्णांचा प्रश्न ठरलेला, "मग परवडतं कसं?" परवडत नाहीच म्हटलं की फोन आईकडं जातो. क्षेत्र किती हे तर मी सुरवातीला सांगतच नव्हतो. इथं माप अजून रॉडमधे चालतं, पूर्ण प्लॉट १० रॉडचा म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आणि एकराचे चौरस रॉड १६० अन् गुंठे ४०, त्यामुळं चार रॉडला बरोब्बर एक गुंठा पडतो. पूर्ण प्लॉट अडीच गुंठे. मला मिळाला अर्धा, सव्वा गुंठा. "तेवढ्यात तर आपला गोठा अन् कडब्याची गंजी बसते रे," इति अण्णा.

पण या सव्वा गुंठ्यासाठी लोक वेटिंग लिस्टवर नाव घालून वाट बघतात. १९०८ च्या कायद्यानं मागणी असेल तिथं अशी जमीन देणं काउन्सिलांवर बंधनकारक झालं, पुढं दुसऱ्या महायुद्धात 'डिग फॉर व्हिक्टरी' म्हणत लोकांनी बागा, मैदानं, हिरवळी सगळं खणून काढलं, एरवी कोहिनूर असतो त्या टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात पण भाजीपाला लावला होता. आपली कडब्याची गंजी कुणी राजाच्या किल्ल्यात रचू देईल का.

असो. प्लॉट मिळतो म्हणजे आधीच्या माणसानं टाकून दिलेला मिळतो. गवत गुडघ्याच्या वर, त्याखाली जुनं कार्पेट (तण दबावं म्हणून लोक अंथरतात आणि विसरतात, मग गवताची मुळं त्यातून विणली जातात अन् ते निघता निघत नाही), काचा, फुटक्या कुंड्या. आणि काउच ग्रास. आपली हरळी ज्यानं काढलीय त्याला हे वेगळं शिकवायला नको. जमिनीखाली पांढऱ्या दोऱ्या पसरलेल्या, टोक असं कडक अन् अणकुचीदार की बटाट्याच्या आरपार जातं, खरंच, शेजारच्या प्लॉटवाल्या म्हाताऱ्यानं मला असा ओवलेला बटाटा दाखवला. बोटभर तुकडा राहिला तरी फुटतो, म्हणून रोटाव्हेटर घालायचा नाही, तो एका मुळाचे पन्नास तुकडे करून सगळीकडं लागण करून देतो. मग राहिलं काय तर फोर्क, म्हणजे खणायचं दातेरी अवजार, आणि कंबर.

फोर्कची पण गंमत आहे. आपण कुदळ वरून आणतो अन् माती आपल्याकडं ओढतो, सगळा जोर खांद्यात. इथं फोर्क उभा धरायचा, बुटानं खाली दाबायचा, दांडा मागं ओढून ढेकूळ उचकटायचं, सगळा जोर टाचेत. अनवाणी माणसाला हे अवजार वापरताच येणार नाही. सुरवातीला खांदे मोकळे अन् मांड्या भरून आलेल्या, हे शरीराला पटतच नव्हतं.

माझा प्लॉट लेस्टरला, इथली माती चिकण. ओली असली की बुटाला तळव्याएवढा अजून एक तळवा चिकटतो, वाळली की भेगा. म्हणजे आमच्या नगरकडच्या काळ्या रानासारखीच की, फक्त रंग वेगळा. आणि इथंच मला सगळ्यात मजा आली. आपल्याकडं उन्हाळी नांगरट करून ढेकळं तशीच टाकतात, एप्रिल-मेचं ऊन लागू दे, जमीन तापू दे, हरळीची मुळं अन् किडीचे कोष उघडे पडू देत, मग वळवाचा पाऊस पडला की ढेकळं आपोआप विरघळतात अन् कुळव हलका चालतो. इथं तेच काम थंडी करते. नोव्हेंबरला खणून ढेकळं ओबडधोबड ठेवून द्यायची, फोडत बसायचं नाही, आतलं पाणी गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, ढेकूळ आतून उलतं, वितळतं, परत गोठतं, मार्चला हात लावला की भुगा. अण्णांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदाच गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे तिथं जमीन गोठावी लागती. बरं हाय." नांगरामागं बगळे असतात तसा फोर्कमागं रॉबिन नावाचा छोटा पक्षी असतो हेही त्यांना आवडलं. मी चहाला थांबलो की हा पठ्ठ्या दांड्यावर येऊन बसतो.

मार्चमधे घाई मात्र नडते. वापसा बघायचा. मूठभर माती घेऊन लाडू वळायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा, फुटला तर कामाला लागा, थपकन बसला तर घरी जा. ओल्या चिकणमातीत पाय घातला की ती परत विटेसारखी घट्ट.

खत म्हणजे इथं घोड्याची लीद, तबेलेवाले फुकट देतात. पण २००८ च्या सुमारास असं खत घालून ब्रिटनभर कित्येकांच्या भाज्या वाकड्या झाल्या होत्या. कुरणावर मारलेलं अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक गवतातून घोड्याच्या पोटात, तिथून लिदीत, आणि लिदीतून तुमच्या टोमॅटोत. म्हणून आधी कुंडीत थोडं खत घालून घेवड्याचे दाणे टोचायचे, पानं चुरमुडली नाहीत तरच गाडी रिकामी करायची.

आता 'नो डिग'वाले पण आहेत, सॉमरसेटच्या चार्ल्स डाउडिंग यांचं नाव घेतात, खणायचंच नाही, पुठ्ठे अंथरा अन् वर कंपोस्ट ओता. डाउडिंग यांच्या भाज्या बघितल्या तर बोलायची सोय नाही. पण हरळी पुठ्ठ्याखाली गपगुमान मरते यावर माझ्यातल्या शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि एवढं कंपोस्ट विकत आणायचं तर परवडतं कसं हा अण्णांचाच प्रश्न येतो. म्हणून अर्धं रान खणलं, अर्ध्यावर पुठ्ठे. बटाटेवाला म्हातारा पुठ्ठ्याकडं बघून मान हलवतो, पलीकडच्या प्लॉटच्या गुजराती बा (आजी) खणलेल्याकडं बघून.

बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातले मेथीदाणे आणून ठेवलेत, धणे रगडून दोन भाग करून ठेवलेत. बा परवा विचारून पण गेल्या, मेथी जास्त झाली तर थेपल्यांना देशील ना. अजून पेरलीय कुठं, पण त्यांनी पिशवी आत्ताच देऊन ठेवलीय.